तंबोऱ्यावरचा माणूस पण दिसला पाहिजे: गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचा ग्रुप फोटो मोबाईलवर कसा काढायचा

गाण्याच्या कार्यक्रमाचे ग्रुप फोटो बघितले की बहुतेक वेळा तेच चित्र असतं, मधे गायक किंवा गायिका लख्ख उजेडात, तबला आणि पेटी जेमतेम, आणि मागे तंबोऱ्यावर बसलेली दोन मुलं म्हणजे नुसत्या काळ्या आकृत्या. ती मुलं अख्खा कार्यक्रम मांडी न मोडता बसलेली असतात, त्यांच्या घरचे तोच फोटो मागतात, आणि त्यात चेहराच नसतो. मला हे फार लागतं. त्यामुळे मी फोटो चांगला आला की नाही हे शेवटच्या ओळीतल्या माणसाच्या चेहऱ्यावरून ठरवतो, पुढचे सगळे काही ना काही करून येतातच. घरगुती बैठक, भजनी मंडळ, कॉलेजचा बँड, ढोल-ताशा पथक, सगळीकडे हेच लागू आहे आणि हे सगळं साध्या मोबाईलवर होतं, फक्त शटर दाबायच्या आधीची दहा मिनिटं नीट वापरायला लागतात.

आधी वेळ मागून घ्या

कार्यक्रम संपल्यावर फोटो काढायचा ही सवय आधी सोडा. संपल्यावर लोक स्टेजवर येऊन पाया पडत असतात, तबलजी चुंबळी (तबल्याखालच्या गोल गाद्या) आणि हातोडी बॅगेत टाकत असतो, तंबोऱ्यांना गवसणी चढलेली असते आणि कुणाची तरी शेवटची लोकल असते. साउंडचेक झाला आणि कार्यक्रम सुरू व्हायला वीस-पंचवीस मिनिटं आहेत, ही वेळ सगळ्यात भारी. कपडे नीट असतात, घाम नसतो, वाद्यं जागेवर असतात. फक्त तंबोरे लावणं चालू असेल तर मधे अजिबात बोलू नका, ते संपू दे. आदल्या दिवशीच ग्रुपवर मेसेज टाका की उद्या साउंडचेकनंतर पाच मिनिटं फोटोसाठी थांबा, म्हणजे ऐन वेळी कुणी चहाला जात नाही.

पथकाचा फोटो असेल तर ढोल ताणून झाले, कमरेला बांधले आणि अजून वादन सुरू नाही, तेव्हा घ्या. एकदा मिरवणूक सुरू झाली की पन्नास लोक परत एका जागी मिळत नाहीत.

उजेड कुठून येतोय ते बघा

मोबाईल बाहेर काढायच्या आधी स्वतः स्टेजवर किंवा गादीवर जाऊन बसा. पुढे बसा, मग मागे तंबोऱ्याच्या जागी बसा, आणि दोन्हीकडे आपला हात चेहऱ्यासमोर धरून बघा, तळहातावर किती उजेड पडतोय, सावली कुठल्या बाजूला आहे. बहुतेक हॉलमधे मागच्या जागेवर उजेड चांगलाच कमी असतो हे तिथल्या तिथे कळतं.

हे का होतं ते समजून घेतलं की अर्धं काम झालं. दिव्याचा उजेड अंतराच्या वर्गाने कमी होतो, म्हणजे अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई. समजा तुमचा लाइट गायकापासून ४ फुटांवर आहे आणि तंबोरेवाले त्याच्या मागे आणखी ४ फुटांवर, म्हणजे लाइटपासून ८ फूट, तर त्यांना गायकाच्या चौथाई उजेड मिळतो. तोच लाइट मागे नेऊन गायकापासून १२ फुटांवर ठेवला तर तंबोरे १६ फुटांवर येतात आणि त्यांना गायकाच्या निम्म्याहून जास्त उजेड मिळतो. लाइट तोच, माणसं त्याच जागी, नुसता लाइट लांब नेला. एकूण उजेड कमी होतो हे खरं, पण पुढचे आणि मागचे बऱ्यापैकी सारखे दिसतात आणि कॅमेऱ्याला ते सांभाळता येतं. लांब नेताना उंचही करा, सात-आठ फूट, म्हणजे पुढच्याच्या डोक्याची सावली मागच्याच्या तोंडावर पडत नाही.

मोबाईलचा फ्लॅश बंद ठेवा असं सगळेच सांगतात, त्याचं कारणही हेच आहे. तो तुमच्या हाताशीच असतो, पुढची माणसं पांढरीफटक आणि मागे अंधार. वर चष्म्यात चमक, पेटीच्या पॉलिशवर चमक, स्टीलच्या डग्ग्यावर चमक.

घरातली बैठक दुपारची असेल तर खिडकी हाच तुमचा मोठा लाइट. बऱ्याच घरांत बैठक खिडकीकडे पाठ करून मांडतात कारण भिंत मोकळी तिथेच असते, आणि मग फोटोत सगळे काळे. फोटोपुरती मंडळींना उलटं बसायला सांगणं अवघड वाटत असेल तर गादी मांडतानाच यजमानांना सांगून ठेवा. खिडकी तुमच्या पाठीशी आणि थोडी एका बाजूला असली पाहिजे, म्हणजे चेहऱ्याला उठाव येतो, आणि तंबोऱ्याच्या भोपळ्यावरची नक्षी पण उठून दिसते, मिरजेच्या कारागिरांचं काम असेल तर ते दिसायलाच पाहिजे की. खिडकीतून थेट ऊन येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा.

एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही, गादीवरची पांढरी चादर फार कामाची असते. वरून आलेला उजेड तिच्यावर आपटून परत हनुवटीखाली आणि डोळ्यांखाली जातो आणि तिथल्या सावल्या हलक्या होतात. तेच लाल जाजम असेल तर हनुवट्या लालसर येतात. म्हणून मागच्या लोकांच्या पुढ्यातही एखादी पांढरी चादर अंथरा, नाहीतर फ्रेमच्या बाहेर कुणाला तरी थर्माकोलची शीट धरून उभं करा.

मांडव, ट्यूब आणि स्टेजचे रंगीत लाइट

भजनी मंडळाचे फोटो बरेचदा मांडवात असतात आणि मांडवाचं कापड गुलाबी नाहीतर पिवळं. दुपारी ऊन त्या कापडातून गाळून खाली येतं आणि सगळे चेहरे त्याच रंगाचे होतात. नंतर ॲपमधे कितीही ओढाताण करा, कातडीचा रंग धड येत नाही. उपाय एकच, मंडळींना मांडवाच्या कडेला आणा, जिथे वर कापड आहे पण समोरून मोकळ्या आभाळाचा उजेड येतोय. देवळाचा सभामंडप याहून चांगला, दगडी खांबांच्या पहिल्या रांगेत बसवा, तोंड अंगणाकडे. डोक्यावर छप्पर आणि समोर उघडं अंगण, याच्याइतका सुंदर फुकटचा उजेड दुसरा नाही.

हॉलमधे एका बाजूला पिवळे बल्ब आणि दुसऱ्या बाजूला पांढऱ्या ट्यूब असं असतंच. उजेडाचा रंग केल्विनमधे मोजतात, पिवळा बल्ब साधारण २७०० ते ३००० केल्विनचा, पांढरी एलईडी ट्यूब ६५०० च्या आसपास, कॅमेरा यातल्या एकालाच खरा मानतो आणि दुसरा बिघडतो, अर्धे लोक पिवळे नाहीतर अर्धे निळे. दोन्हीतलं एक बंद करा, बस. कुठलं ठेवायचं? जे मागच्या ओळीपर्यंत पोचतं ते.

ट्यूब किंवा स्वस्त एलईडीखाली फोटोत आडवे काळे पट्टे येत असतील तर मोबाईल बिघडलेला नाही. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असे दिवे सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतात आणि शटर फार जलद असलं की ते पकडलं जातं. कॅमेऱ्याच्या प्रो मोडमधे, म्हणजे जिथे आकडे स्वतः ठरवता येतात तिथे, शटरची वेळ १/१०० किंवा १/५० सेकंद ठेवा, पट्टे जातात. १/५० ला मात्र सगळ्यांना स्थिर बसायला सांगा.

बँडवाल्यांचा त्रास वेगळा, स्टेजचे निळे-जांभळे लाइट. बघायला मस्त वाटतात पण निळ्या किंवा लाल एलईडीखाली चेहऱ्याचे बारकावे राहतच नाहीत, एक सपाट रंगाचा गोळा येतो. लाइटवाल्या दादाला जाऊन नीट सांगा, दादा, फोटोपुरतं दोन मिनिटं समोरून नुसता वॉर्म व्हाइट द्या, मागचे रंग राहू द्या. नव्वद टक्के वेळा देतात, त्यांनाही आपलं स्टेज फोटोत चांगलं यावं असं वाटतंच. नाहीच जमलं तर तो फोटो नंतर ब्लॅक अँड व्हाइट करा.

बाहेर उघड्यावर असाल तर दुपारी बारा ते तीन टाळा, डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. गणपतीच्या दिवसांतलं ढगाळ आभाळ पथकासाठी उत्तम, सगळीकडून सारखा मऊ उजेड. कडक ऊन असेल तर बिल्डिंगच्या सावलीत घ्या, पण पूर्ण ग्रुप सावलीत पाहिजे, एक ढोल उन्हात आणि बाकी सावलीत असं नको.

कोणाला कुठे बसवायचं

शाळेच्या वर्गाच्या फोटोसारखी सरळ रांग लावू नका. गाणारी-वाजवणारी माणसं नेहमी एकमेकांकडे बघून वाजवतात, त्यांची बसायची पद्धतच मुळात अर्धगोल असते, मधे गायक, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे तंबोरे. ती मांडणी मोडू नका, नुसती घट्ट करा. स्टेजवर माइक आणि मॉनिटर स्पीकरमुळे दोघांच्या मधे तीन-चार फूट जागा असते, डोळ्यांना ती जाणवत नाही पण फोटोत सगळे भांडून लांब बसल्यासारखे दिसतात. सगळ्यांना एकेक वीत आत सरकायला सांगा, "जवळ वाटतंय" असं त्यांना वाटलं की फोटोत बरोबर असतं.

तंबोरेवाल्यांना गायकाच्या बरोब्बर मागे ठेवू नका. दोघांना थोडं बाहेरच्या बाजूला सरकवा, गायकाच्या दोन्ही खांद्यांच्या पलीकडे त्यांचे पूर्ण चेहरे दिसले पाहिजेत, आणि शक्य असेल तर त्यांच्याखाली एक जास्तीची उशी किंवा घडी घातलेली सतरंजी द्या. तंबोऱ्याची दांडी चेहऱ्यावरून जाते का ते बघा, जात असेल तर तंबोरा इंचभर बाहेर कलवायला सांगा, तेवढं पुरतं.

ज्येष्ठ मंडळींचा मान आधी. मंडळाचे बुवा, गुरुजी असतील तर ते मधे, हे विचारायची गरज नाही. पण मधे म्हणजे सगळ्यात पुढे असं नाही, बाकीचे फार मागे राहिले तर फोटो एकट्याचा होतो. गुरुजींना एक वीत मागे घ्यायचं म्हणजे नाजूक काम, त्यापेक्षा बाजूच्यांना पुढे घ्या.

बँड किंवा पथक उभं असेल तर पायऱ्या शोधा. उंच माणूस मागे, बुटका पुढे हे ठीक, पण डोकी एका रेषेत आणू नका, कुणी बसलंय, कुणी गुडघ्यावर, कुणी उभं, असा त्रिकोण झाला की नजर फिरत राहते. पथकात ढोलाची गंमत अशी की ढोल एवढा मोठा असतो की मागच्याचं कंबरेखालचं सगळं झाकलं जातं, म्हणून ताशावाले पुढे, ढोल मागे आणि ध्वज दोन्ही टोकांना. तुम्ही स्वतः कुठल्या तरी कट्ट्यावर उभे राहा, थोडं वरून घेतलं की मागच्या रांगेतला फेटाच नाही तर चेहरा पण येतो.

वाद्यांना पण जागा द्या

तंबोरा साधारण पाच फुटी असतो, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या बराच वर जातो, आणि निम्म्या फोटोंत खुंट्या वर कापलेल्या असतात. फ्रेम लावताना आधी खुंट्या बघा, मग बाकीचं. खाली तबल्याचा बूड आणि चुंबळ कापू नका. बाजूने फोटो काढला की डग्गा तबल्याच्या आड जातो आणि तबलजी एका हाताने वाजवतोय असं वाटतं, एक-दोन पावलं सरकून दोन्ही पुड्या दिसतील असं बघा. पेटीवाल्याचं उघडं झाकण कधी कधी त्याचे हातच झाकतं, ते फोटोपुरतं पाडता येतं का ते त्यालाच विचारा, स्वतः हात लावू नका.

वाद्याला परवानगीशिवाय हात लावायचा नाही, ओलांडायचं तर मुळीच नाही, आणि गादीवर चपला काढूनच चढायचं. सप्ताहात विणेकऱ्याच्या गळ्यातली वीणा खाली ठेवत नाहीत, ती अखंड कुणाच्या तरी अंगावर असते, तेव्हा "माऊली, जरा वीणा बाजूला ठेवून या" असं चुकूनही म्हणू नका, वीणेसकटच त्यांना फ्रेममधे घ्या, उलट फोटो त्यानेच भरतो.

चकचकीत टाळ आणि डग्गा आरशासारखे वागतात, त्यात खिडकी किंवा तुम्ही स्वतः दिसता. वाद्य किंचित फिरवायला सांगा, दहा-पंधरा अंशांत चमक निघून जाते. चष्म्याचंही तसंच, हनुवटी जरा खाली.

मग एकदा कडा तपासा. पाण्याच्या बाटल्या, वायरींचे गुंतोळे, चहाचे कागदी कप, चार्जिंगला लावलेला फोन, मागच्या बॅनरवरच्या प्रायोजकाच्या नावाचं एखादं अक्षर कुणाच्या तरी डोक्यातून उगवलेलं. माइकचे स्टँड तोंडासमोरून बाजूला. हे दोन मिनिटांत होतं आणि फोटो एकदम स्वच्छ दिसायला लागतो.

आता मोबाईल

लेन्स पुसा. खरंच, कॉटनच्या रुमालाने पुसा, बोटाचं तेल लागलेलं असतं आणि मग सगळ्या दिव्यांना धुरकट वलयं येतात.

०.५ वाला वाइड वापरू नका. जागा कमी म्हणून सगळे तोच लावतात, पण कडेचा माणूस ताणला जातो, टोकाचा तबलजी उगाच जाडा दिसतो आणि ढोल लंबगोल. १ वर ठेवा आणि मागे जा, जागा आणि उजेड दोन्ही असेल तर २ वर ठेवून आणखी मागे जा, चेहरे सगळ्यात नैसर्गिक तेव्हाच येतात.

उंची महत्त्वाची. बैठकीचा फोटो उभ्याने काढला की सगळ्यांची टाळकी आणि गादीच दिसते. खाली बसा, मोबाईल त्यांच्या डोळ्यांच्या किंवा छातीच्या उंचीला धरा, जमिनीपासून साधारण अडीच फूट. मागची ओळ झाकली जात असेल तरच चार-सहा बोटं वर घ्या.

पोर्ट्रेट मोड बंद. एका माणसाला ठीक आहे, ग्रुपमधे तो मागची ओळ धूसर करून टाकतो, आणि तंबोऱ्याच्या तारा, खुंट्या, ताशाच्या काड्या अशा बारीक गोष्टी त्याला कळत नाहीत, अर्धी दांडी स्पष्ट आणि अर्धी विरघळलेली येते. नाइट मोडही वाजवणाऱ्या माणसांवर चालत नाही, तो एक-दोन सेकंद उजेड गोळा करत राहतो आणि तेवढ्यात हात हलतात.

स्क्रीनवर मधल्या ओळीतल्या एखाद्या चेहऱ्यावर बोट दाबून धरा, फोकस लॉक होतो, मग उजेडाची पट्टी वर-खाली करा. मागे काळा पडदा असेल तर कॅमेरा फसून सगळं जास्त उजळ करतो आणि चेहरे पांढरे होतात, तेव्हा पट्टी थोडी खाली. पथकाचे सगळे पांढऱ्या कुर्त्यात असतील तर उलटं, कॅमेरा फोटो काळसर करतो, पट्टी थोडी वर, फक्त कुर्त्याच्या घड्या दिसायच्या थांबल्या की लगेच परत खाली. कॅमेरा डीएसएलआर असेल तर लेन्सचं भोक दोन ओळींना एफ ५.६, तीन ओळींना एफ ८, यापेक्षा उघडं (म्हणजे लहान आकडा) नको, मागची ओळ धूसर होते.

दाबायचं कधी

"स्माइल प्लीज" म्हटलं की गाणारी माणसं आखडतात. त्यापेक्षा त्यांना थोडंसं काहीतरी वाजवायला सांगा. तीनतालाची दोन आवर्तनं किंवा भजनाचा एखादा ठेका, गाऊ नका म्हटलं तरी गायक गुणगुणतोच. आणि समेकडे, म्हणजे ताल फिरून जिथे परत येतो त्या पहिल्या मात्रेकडे, लक्ष ठेवा. तीनतालात सोळा मात्रा, तेराव्या मात्रेपासून सगळ्यांच्या अंगात एक ओढ दिसायला लागते, पेटीवाला गायकाकडे बघतो, तबलजीची मान उचलते, आणि समेवर सगळे एकदम मान हलवतात, त्याच्या लगेच पुढच्या क्षणी प्रत्येकाच्या तोंडावर खरं हसू असतं, मागे तंबोऱ्यावरच्या मुलांच्या सुद्धा. गाताना गायकाचे डोळे बहुतेक वेळा मिटलेले असतात, समेनंतर उघडतात. म्हणून चौदाव्या मात्रेला बर्स्ट, म्हणजे एकामागून एक सलग फोटो, सुरू करा आणि सम उलटून दोन मात्रा जाईपर्यंत बोट सोडू नका. ताल कळत नसेल तर शेजारी कुणाला तरी खुणेसाठी उभं करा, तिथे जाणकार असतोच. तबल्यावरची बोटं स्पष्ट हवी असतील तर शटर १/२५० च्या पुढे लागतं, पण ते खिडकीच्या किंवा बाहेरच्या उजेडातच. कमी उजेडात बोटं जराशी हललेली आली तरी हरकत नाही, वाजतंय हे दिसतं.

असे दोन-तीन बर्स्ट घेतले की मग एक साधा, सगळे कॅमेऱ्याकडे बघतायत असा पण काढा, मंडळाच्या फलकाला आणि वर्तमानपत्राला तोच लागतो. मोठ्या ग्रुपमधे कुणी ना कुणी डोळा मिटतंच, सात-आठ तरी घ्या. आणि कुणालाही सोडायच्या आधी फोटो मोठा करून मागच्या ओळीतला प्रत्येक चेहरा बघा, पुढचे नाही बघितले तरी चालेल.

पाठवताना

एडिटिंगमधे फार काही करू नका, सावल्या जरा उचला, रंग जरा सांभाळा, कडा सरळ करा, चेहरे गुळगुळीत करणारं फिल्टर नको, त्यात पेटीच्या पट्ट्या आणि तबल्याची शाई पण पुसट होते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो आणि मागचे चेहरे सगळ्यात आधी जातात, म्हणून डॉक्युमेंट म्हणून पाठवा, निदान एचडी तरी निवडा. आणि खाली नावं लिहा, डावीकडून उजवीकडे, गायक, तबला, पेटी, टाळ, आणि तंबोऱ्यावरच्या दोघांची पूर्ण नावं, आडनावासकट, त्यांनाच विचारून.